दुखत नाही तो दात कशाला काढायचा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणारी मुलगी पुण्यात नोकरी करते. माहेर सातारा जिल्ह्यातल्या गावात. वडील नाहीत, आई ५८ वर्षांची, थोरल्या भावाकडे राहते. आई लहानपणापासून मिश्री लावते. डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढांजवळ एक जखम बरेच दिवस भरत नव्हती. तुकडा तपासल्यावर कॅन्सर निघाला. बारा दिवसांनी शस्त्रक्रिया ठरली आहे आणि त्यानंतर सहा आठवडे रेडिएशन. केमो लागेल की नाही, ते शस्त्रक्रियेनंतर कळेल. रुग्णालयाच्या दंतविभागात ओपीजी (दोन्ही जबडे आणि सगळे दात एकत्र दाखवणारा) एक्स-रे काढला आणि नऊ दात काढायला हवेत असं सांगितलं. आई म्हणते, "दुखत नाही तो दात कशाला काढायचा? आणि वरचे दात काढले की नजर जाते." भाऊ म्हणतो, "नऊ काढायचेच, तर सगळेच काढून टाका. कवळी बसवू, कायमची कटकट संपेल." गावातले ओळखीचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "आधी कॅन्सरचं बघा, दातांचं नंतर बघू." मुलीला भीती वाटते की दातांच्या नादात शस्त्रक्रियाच लांबेल. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "आई अजून उजव्या बाजूने भाकरी खाते. ती तरी राहावी असं वाटतं. मी कोणाचं ऐकू?"

तुमच्याकडे दिवस मोजकेच होते, म्हणून चार ओळींचं उत्तर त्याच संध्याकाळी पाठवलं. आता सविस्तर लिहिते आहे, कारण हा प्रश्न फक्त तुमच्या घरचा नाही. मिश्री, तंबाखू, गुटखा यांनी तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे घरोघरी आणून ठेवला आहे, आणि 'शेक (म्हणजे रेडिएशन) द्यायच्या आधी दात काढून या' हे वाक्य अनेकांच्या कानावर नेमकं अशा वेळी पडतं, जेव्हा कॅन्सर हा शब्द ऐकून आठ दिवसही झालेले नसतात. त्या अवस्थेत दात ही फार किरकोळ गोष्ट वाटते. वाटणारच.

सुरुवात तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांच्या वाक्यापासून करते. "आधी कॅन्सरचं बघा, दातांचं नंतर बघू." चारही मतांमध्ये हे सगळ्यात समजूतदार वाटतं, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे. आज काढता येतो तो दात सहा महिन्यांनीही तसाच काढता येईल, असं त्यात धरून चाललेलं आहे. इतर कोणाच्याही तोंडात ते खरं असतं. रेडिएशन घेतलेल्या जबड्यात नसतं.

दात काढल्यावर उरलेला खड्डा हाडातल्या रक्ताच्या जोरावर भरतो. आधी त्यात रक्त गोठतं, त्या गोठलेल्या रक्तात बारीक रक्तवाहिन्या शिरतात, हळूहळू नवं हाड तयार होतं आणि वरून हिरडी मिटते. शस्त्रक्रियेनंतरच्या रेडिएशनचा डोस साधारण ६० ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं माप) असतो: रोज २ ग्रे, आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. शस्त्रक्रिया न करता फक्त रेडिएशनवर उपचार असतील, तर तो ७० ग्रेपर्यंत जातो. एवढ्या डोसमध्ये कॅन्सरच्या पेशी मरतात, पण वाटेतल्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्याही आक्रसत जातात. १९८३ साली रॉबर्ट मार्क्स या अमेरिकी शल्यचिकित्सकाने अशा हाडाचं वर्णन तीन गोष्टींत केलं: रक्त कमी, पेशी कमी, प्राणवायू कमी. असं हाड रोजचं काम कसंबसं निभावून नेतं, पण त्याला जखम झाली की भरून काढायला त्याच्याजवळ काही नसतं. खालच्या जबड्याचं हाड घट्ट असतं आणि त्याला रक्त मुळातच कमी वाटांनी मिळतं, म्हणून तिथे धोका जास्त. आणि वर्षं लोटली म्हणून तो ओसरत नाही. दहा वर्षांनीसुद्धा ते हाड रेडिएशन घेतलेलंच हाड असतं.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शिकले एका माणसाकडून. दातांची प्रॅक्टिस सुरू करून मला दोन-तीन वर्षं झाली होती. साठीतले एक गृहस्थ खालची दाढ दुखते म्हणून आले. दाढ किडलेली आणि हलणारी होती, पाच मिनिटांत निघाली. चार वर्षांपूर्वी त्यांनी जिभेच्या कॅन्सरसाठी शेक घेतले होते. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नाही आणि मी विचारलं नाही. मानेची कातडी काळसर, कडक झालेली होती. आज ती मला दारातूनच दिसली असती. तीन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा खड्डा उघडाच होता. दोन महिन्यांनी आत पिवळट हाड दिसत होतं. पुढे दुर्गंधी, पू, गालातून बाहेर वाहणारी जखम, आणि शेवटी घास चावताना जबडा मोडला. जबड्याचा तो भाग काढून टाकावा लागला. कॅन्सरमधून हा माणूस बरा झालेला होता. मी एक प्रश्न विचारला असता तर त्याचं जेवण वाचलं असतं. तेव्हापासून कोणाचाही दात काढण्याआधी तो प्रश्न मी विचारते.

घाबरवायला हे सांगितलं नाही. असं सगळ्यांना होत नाही, बहुतेकांना होत नाही, आणि हल्लीची यंत्रं किरण जास्त नेमके टाकतात म्हणून प्रमाण कमीही झालं आहे. पण ज्याला होतं त्याचे हाल फार होतात, आणि त्यातले बरेच टाळता येण्यासारखे असतात. म्हणून जे दात पुढे त्रास देणार हे आज दिसतं आहे, ते आज काढायचे. काढल्यानंतर रेडिएशनच्या पहिल्या दिवसापर्यंत किमान दोन आठवडे मिळाले पाहिजेत. २०२४ साली कॅन्सर आणि तोंडाच्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही हेच अंतर सांगितलं आहे. आणि त्याबरोबर असंही की दातांसाठी कॅन्सरचा उपचार लांबवू नये. म्हणजे तुमची भीती अगदी योग्य जागी आहे. तिच्यावरचा उपाय खाली सांगते.

आधी आईंचा प्रश्न. दुखत नाही तो दात कशाला काढायचा? मला हा प्रश्न मनापासून आवडला, कारण तो दाताच्या मालकिणीने विचारला आहे. पण 'दुखत नाही' आणि 'चांगला आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिरडीचा आजार वर्षानुवर्षं न दुखता चालतो. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या तोंडात मी हे नेहमी पाहिलं आहे: हिरड्या खाली सरकलेल्या, दातांची मुळं उघडी, बोट लावलं की दात किंचित हलतो, पण तक्रार काही नाही. एक्स-रेमध्ये मात्र दाताभोवतीचं निम्मं हाड गेलेलं दिसतं. मुळाच्या टोकाशी पू धरलेला दातसुद्धा कित्येकदा गप्प बसून असतो. हिरडीत रुतलेले जुने खुंट तर दुखायचे केव्हाच थांबलेले असतात, माणूस ते विसरूनही जातो.

यात आणखी एक गोष्ट मिळवा. रेडिएशनच्या वाटेत लाळेच्या ग्रंथी येतात: कानापुढची मोठी ग्रंथी आणि जबड्याखालची. त्या होरपळल्या की लाळ आटते, जी उरते ती चिकट असते. लाळ दिवसभर दात धूत असते, आम्ल मारत असते, हे ती गेल्याशिवाय कळत नाही. कोरड्या तोंडात कीड दाताच्या मानेशी, हिरडीच्या कडेने लागते आणि गोल फिरत जाते. आज ठणठणीत दिसणारा दात काळजी घेतली नाही तर वर्षा-दोन वर्षांत मानेतून तुटू शकतो. शिवाय गालाची शस्त्रक्रिया आणि त्यावर रेडिएशन, यामुळे तोंड कमी उघडायला लागतं. मग मागच्या दाढांपर्यंत ना ब्रश पोचतो, ना डॉक्टरचं अवजार. त्यामुळे तुमच्या दंतविभागाने 'हा दात आज कसा आहे' एवढंच पाहिलेलं नसणार. 'कोरड्या, कमी उघडणाऱ्या तोंडात हा दात पुढची दहा वर्षं सांभाळता येईल का' हे पाहिलं असणार. आईंना समजावताना हा दुसरा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा. त्यांना तो लगेच कळेल. पुढच्या उन्हाळ्याचा विचार करून आज विहीर उपसणारी ती पिढी आहे.

आता त्या नऊ दातांकडे वळू. नऊ हा आकडा ऐकूनच घर हादरलं, पण आकड्यावर वाद घालून काही मिळणार नाही. ओपीजी घेऊन एकदा दंतविभागात बसा आणि एकेका दातावर बोट ठेवून विचारा. माझा अंदाज असा की त्या नऊंची तीन ढिगांत वाटणी होईल. पहिला ढीग गाठीलगतच्या डाव्या दाढांचा. गालाची गाठ हिरडीपर्यंत आली असेल, तर सर्जन जबड्याच्या हाडाची कड किंवा तुकडा बरोबर काढतात, आणि त्यातले दात त्याच्याबरोबर जातात. म्हणजे यादीतले दोन-तीन दात तसेही शस्त्रक्रियेतच निघणार असतील. दंतविभागाने यादी केली तेव्हा सर्जनचा बेत त्यांना ठाऊक होता का, हे विचारून घ्या. मोठ्या रुग्णालयातही हे दोन विभाग कधी कधी एकमेकांशी फक्त केसपेपरवर बोलतात. तुम्ही मधला दुवा झालात तर कोणी नाराज होणार नाही.

एक अगदी महत्त्वाचं: गाठीला लागून असलेला हलणारा दात बाहेर कुठेही, कितीही ओळखीच्या डॉक्टरकडे, काढू नका. कॅन्सरने हाड पोखरल्यामुळेही दात हलतो. तो उपटला तर त्या खड्ड्यातून गाठीला हाडात शिरायला वाट मिळते. 'दात काढला आणि कॅन्सर झाला' असं गावोगाव ऐकू येतं ते यातूनच. कॅन्सर आधीच होता, दात त्याच्यामुळेच हलत होता, आणि दात काढल्यावर तो सगळ्यांना दिसला. तो दात सर्जनसाठी राहू द्या.

दुसरा ढीग किरणांच्या थेट वाटेतल्या दातांचा, म्हणजे डावीकडच्या खालच्या आणि काही अंशी वरच्या दाढांचा. इथे डॉक्टरांनी कडक व्हावं, तुम्हीही व्हावं. खोल किडलेला, मुळाशी पू असलेला, हाड सोडलेला, अर्धवट वर आलेली अक्कलदाढ, खुंट, यातलं काहीही डाव्या खालच्या जबड्यात असेल, तर जाऊ द्या.

खरा वाद तिसऱ्या ढिगाबद्दल घालता येतो: उजवीकडचे आणि पुढचे दात. गालाच्या कॅन्सरमध्ये काही वेळा किरण एकाच बाजूला देतात, काही वेळा मानेच्या दोन्ही बाजूंना द्यावे लागतात. ते रेडिएशनचे डॉक्टरच सांगू शकतात. त्यांना हे विचारा: "उजव्या खालच्या जबड्याला साधारण किती डोस बसेल?" साधारण ५० ग्रेच्या पुढे डोस जाणार असेल तर तिथेही कडक निकष लावायचे. त्याहून बराच कमी असेल, तर उजवीकडचा भरता येण्यासारखा दात भरून ठेवता येतो, रूट कॅनल करता येतं, किंचित हलणाऱ्या दाताची मुळं साफ करून तो राखता येतो. हा प्रश्न विचारल्यामुळे यादीतले दोन दात वाचले, असं मी पाहिलेलं आहे. दोन ऐकायला कमी वाटतात. पण समोरासमोर वर-खाली जुळणाऱ्या दाढांच्या दोन जोड्या एका बाजूला असल्या तरी माणूस मऊ भात-भाजीच्या पलीकडचं काही खाऊ शकतो.

दादांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांना आईची पुन्हा पुन्हा फरफट नको आहे. एका फटक्यात संपवावं, यामागे माया आहे. पण 'कवळी बसवू' हे त्यातलं गृहीतक तपासायला हवं. कवळी लाळेच्या पातळ थरावर चिकटून बसते. लाळ नसली की ती घासते, निसटते. गालाची शस्त्रक्रिया झाली, तिथे मांडीची किंवा छातीची कातडी आणून लावली, तर कवळी टेकायला जी खोबण लागते तीच बुजते. शिवाय रेडिएशन संपल्यावर निदान काही महिने, तोंडाची त्वचा पूर्ण सावरेपर्यंत, कवळी घालता येत नाही. आणि घातल्यावर तिच्या कडेने एक फोड आला तरी त्याच्याखाली तेच रेडिएशन घेतलेलं हाड असतं. मग कवळी डबीत राहते आणि आई कायमच्या पातळ खाण्यावर. चांगला, राखता येणारा दात उगाच काढणं म्हणजे रेडिएशनच्या तोंडावर हाडाला एक जखम जास्तीची करणं. तीसुद्धा वेळेत भरावी लागतेच.

तरीही सगळे दात काढणं काही वेळा बरोबर ठरतं. बहुतेक सगळ्याच दातांचं हाड गेलेलं असेल, तोंड आधीच दोन बोटंसुद्धा उघडत नसेल, किंवा घरी रोज कोणी लक्ष देऊ शकणार नाही आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला नेणं खरोखरच शक्य नसेल, तर मीसुद्धा तेच सुचवते. म्हणून दादांना एवढंच विचारा: उरलेले दात राखले तर रोज रात्री दहा मिनिटं कोण देणार? याचं खरं उत्तर तुमच्या घरातच आहे.

नजरेबद्दल थोडक्यात. वरच्या दातांच्या नसा आणि डोळ्याची दृष्टी नेणारी नस पूर्ण वेगळ्या आहेत. दात काढून नजर जात नाही. ज्या वयात दात काढायची वेळ येते, त्याच वयात मोतीबिंदू आणि चष्मा येतो, म्हणून दोन्हींची गाठ मारली गेली. आईंना मात्र 'काहीतरीच काय' असं म्हणू नका. दंतविभागातल्या डॉक्टरांनाच त्यांच्यासमोर विचारा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की भीती जाते, आपल्या तोंडून ऐकलं की वाद होतो.

आता वेळेचं. तुमच्या आईंची शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होणार आहे. इतर दातही त्याच भुलेखाली काढता येतात, अनेक ठिकाणी तसं करतातही. एकदाच भूल, एकदाच दुखणं, आणि शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन सुरू होईपर्यंत चार ते सहा आठवडे जातात, ते खड्डे भरायला पुरतात. रेडिएशन साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं अशी डॉक्टरांची धडपड असते, त्यात दातांमुळे एक दिवसही जास्त जात नाही. यासाठी शस्त्रक्रियेच्या दिवशी दातांचे डॉक्टर थिएटरमध्ये हजर राहतील का, की सर्जन स्वतः काढतील, हे आधी ठरायला हवं. म्हणून उद्याच विचारा. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी विचारलंत तर कोणाच्याच हातात काही नसेल. काढलेल्या जागेची टोकदार हाडं घासून हिरडी टाक्यांनी मिटवून घ्यावी, हेही सांगून ठेवा. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती चिठ्ठी बरोबर न्या.

ज्यांच्या घरी शस्त्रक्रिया नाही, थेट रेडिएशन आहे, त्यांना ही सवड मिळत नाही. त्यांनी निदान झालं त्याच आठवड्यात दातांची तपासणी करून घ्यावी. रेडिएशनसाठी चेहऱ्याचा जाळीदार मुखवटा बनवणं, स्कॅन, आखणी यात काही दिवस जातातच, दात काढायचे ते त्याच दिवसांत. केमो बरोबर असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण पुढे रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात आणि दाताचा साधा पूसुद्धा अंगावर येतो.

पैशांबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण असतोच तो प्रश्न. उपचार महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून होत असतील, तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना दातांच्या कामाबद्दल स्पष्ट विचारा. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दंतविभाग त्याच छताखाली असतो. जिथे तो नसतो, तिथे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत काम कमी खर्चात होतं. कुठेही गेलात तरी कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी हवी, आणि तिच्यावर 'रेडिएशन कधी, कुठे, अंदाजे किती' हे तीन शब्दांत का होईना लिहिलेलं हवं.

जे दात राहतील त्यांच्यासाठीची रात्रीची दहा मिनिटं अशी. मऊ ब्रश आणि फ्लोराइड. नेहमीच्या पेस्टमध्ये फ्लोराइड साधारण १००० पीपीएमच्या आसपास असतं, या रुग्णांना त्याच्या कितीतरी पट, ५००० पीपीएमची पेस्ट किंवा जेल लिहून देतात. काही दंतविभाग दातांच्या मापाचे पातळ प्लॅस्टिकचे साचे करून देतात. त्यात जेल घालून ते दातांवर बसवायचे, नंतर थुंकायचं, अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. हे रेडिएशनपुरतं नाही, कायमचं आहे. दिवसभर थोडं थोडं पाणी. रेडिएशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं, तेव्हा एक लिटर पाण्यात एक लहान चमचा खायचा सोडा आणि एक लहान चमचा मीठ घालून दिवसातून पाच-सहा वेळा खळखळून चुळा भरायच्या. झोंबणारे बाजारी माउथवॉश तेव्हा नकोत. कोरडं तोंड ओलं करायला गोळ्या, खडीसाखर, सरबत चघळत राहायची सवय लागते, ती लागू देऊ नका. आटलेल्या लाळेत साखर दात फार वेगाने खाते. तोंड उघडण्याचा व्यायाम सर्जन सांगतील त्या दिवसापासून सुरू करा. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि दर काही दिवसांनी एक वाढवायची, हा साधा उपाय आपल्याकडच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षं चालत आला आहे आणि तो काम करतो.

मिश्री बंद करायला हवी, हे तुम्हाला माहीत आहे. पण आईंनी पन्नास वर्षं सकाळी उठून पहिलं काम तेच केलं आहे, आणि ती तंबाखू आहे, नुसतं दात घासायचं चूर्ण नाही. अचानक बंद केल्यावर डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही. त्याला हट्ट समजू नका. डॉक्टरांना सांगा, तलफ कमी करायला औषध मिळतं. आणि डबी लपवून ठेवू नका. त्यांच्याच हातून ती बाहेर जाऊ द्या.

आणखी एक गट हे वाचत असेल: ज्यांचं रेडिएशन होऊन गेलं आणि दातांचं कोणी विचारलंच नव्हतं. दात दुखला तर जवळच्या दवाखान्यात जाऊन काढून घेऊ नका. शक्य असेल तिथे रूट कॅनल करून, वरचा भाग कापून, मूळ हाडातच ठेवतात. दिसायला विचित्र वाटलं तरी ते सुरक्षित असतं. काढणं अटळच असेल तर कॅन्सर रुग्णालयाच्या दंतविभागात, कमीत कमी इजा करून. शुद्ध प्राणवायूच्या दाबकक्षात बसवण्याचे महागडे पॅकेज कोणी सुचवलं तर थांबून विचार करा. ब्रिटनमध्ये याची रीतसर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ साली आले, आणि दात काढण्याआधी-नंतर असा प्राणवायू दिल्याने हाड वाचण्यात फरक पडलेला दिसला नाही. रेडिएशनचा डोस लिहिलेला कागद मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवा.

तुमच्या पत्रात दादांचं मत आहे, डॉक्टरांचं आहे, तुमचं आहे. आईंचं मत फक्त 'नाही' एवढंच आहे, कारण त्यांना कोणी तेवढंच विचारलं. एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा की त्यांना पुढे काय खायला आवडेल, आरशात काय दिसलं तर चालेल, कशाची जास्त भीती वाटते. पुढचे दात गेल्याची लाज ही खरी गोष्ट आहे. बायका ती बोलून दाखवत नाहीत आणि मग लग्नकार्याला जाणं बंद करतात. पुढचे चार दात राखणं त्यांना मागच्या दोन दाढांपेक्षा मोलाचं वाटत असेल, तर ते डॉक्टरांना कळलं पाहिजे. ऐकून घेणारा डॉक्टर यादी त्याप्रमाणे हलवू शकतो.

हे सगळं करूनही एखाद्या दाताबद्दल शंका उरेलच. तेव्हा माझा कल लिहून ठेवा: शंकेचा दात डावीकडे खाली असेल तर काढा, उजवीकडे वर असेल तर राखा, मधल्या कुठल्याही दाताबद्दल रेडिएशनच्या डॉक्टरांचा डोसचा आकडा ऐकून ठरवा. आणि शस्त्रक्रियेआधीचे हे जे थोडे दिवस आहेत, त्यात आईंना उजव्या बाजूने जमते तशी, हवी तेवढी भाकरी खाऊ द्या.